तीनशे बहात्तर खणांचं कपाट

मी एका शहाण्या माणसाला विसरभोळा ठरू दिलं. लोकांच्या नजरेत तर दिलंच, त्याच्या स्वतःच्या नजरेतही दिलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर त्या सगळ्या काळात त्याच घरात होती. आता सांगतो आहे त्यात धाडस काही नाही. पन्नाशी उलटली, स्टोव्हवर दूध ठेवून मी दोनदा बाहेर निघून गेलो, तेव्हा विसरण्याची भीती म्हणजे काय ते अंगाला लागलं. म्हणून सांगतो.

अण्णा आमचे घरमालक. एचएसआर लेआउटमधलं दुमजली घर, वर ते एकटे, खाली भाड्यानं आम्ही तिघं. त्यांचं घराणं सतराव्या शतकात मराठी फौजेच्या मागोमाग या शहरात आलेलं आणि परत जायचं राहून गेलेलं. "आम्ही ड्यूटीवर आलो, तम्मा. ट्रान्सफरची ऑर्डर अजून आली नाही," असं ते म्हणत. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. पहिल्या दिवसापासून ते मला तेच म्हणाले, आणि मीही त्यांना गल्लीतल्या सगळ्यांसारखा अण्णाच म्हणू लागलो. त्यांची उमर तेव्हा ऐंशीच्या आसपास, पाठ सरळ, सदरा पांढरा.

कंपाउंडच्या भिंतीवर त्यांनी एक काळा फळा बसवून घेतला होता, वर पावसासाठी पत्रा. रोज सकाळी साडेसहाला आंघोळ करून ते खाली येत आणि त्या तारखेला पूर्वी काय घडलं ते लिहीत. एकच घटना. आधी मराठीत, मग कन्नडमध्ये, मग इंग्रजीत, आणि शेवटी बारीक अक्षरात पुस्तकाचं नाव व पान. त्याला दिनविशेष म्हटलेलं त्यांना खपत नसे. "विशेष काय त्यात? सगळे दिवस विशेषच. आपल्याला गोत्तिल्ला, माहीत नाही, एवढंच." फिरायला निघालेली माणसं थांबून वाचत. पार्सल पोचवणारी पोरं हेल्मेट न काढता वाचत. शेजारच्या स्टार्टअपमधली मुलं फोटो काढून नेत.

अण्णा निवृत्त झाले होते तार ऑफिसातून, आणि तारखांकडे ते तारवाल्याच्या नजरेनं बघत. तार कधी पोचली ते महत्त्वाचं नाही, कधी दिली ते महत्त्वाचं. म्हणून घटना जिथे घडली तिथली तारीख खरी. चंद्रावर माणूस उतरला त्याबद्दल वीस जुलैला ते लिहीत, "अमेरिकेत आज. आपल्याकडे उद्या." आणि एकवीसला लिहीत, "आपल्याकडे आज. तिकडे काल." समोरच्या घरातले गणिताचे निवृत्त मास्तर दरवर्षी काठी आपटून विचारत, "आणि चंद्रावर कुठली तारीख होती, अण्णा?" अण्णा दरवर्षी तेच उत्तर देत, "तिथं पोस्ट ऑफिस झालं की कळवतो."

हे मास्तर म्हणजे अण्णांचे वैरी आणि पहिले वाचक. पावणेसातला ते चष्मा पुसत रस्ता ओलांडत, फळ्यासमोर उभे राहत आणि चूक शोधत. सापडली तर सगळ्या गल्लीला मैसूरपाक वाटीन अशी त्यांची पैज होती. पंधरा वर्षांत कुणी मैसूरपाक खाल्ला नव्हता.

एक नोव्हेंबरला, राज्याच्या स्थापनेच्या दिवशी, अण्णा कन्नड ओळ सर्वांत वर घेत आणि फळ्याला लाल-पिवळा झेंडा बांधत. पुण्याहून नवीनच आलेल्या एका मुलानं एकदा विचारलं, "काका, मराठी माणसाच्या फळ्यावर हे?" अण्णा म्हणाले, "तुझ्या घरी पाणी कुठलं येतं? कावेरीचं ना? मग पिऊन ये, नंतर बोलू." मुलगा हसला. अण्णा हसले नाहीत.

फळ्यामागचं सगळं यंत्र वरच्या मजल्यावर होतं. तार ऑफिसातून भंगारात निघालेलं, आलेल्या तारा गावांप्रमाणे लावून ठेवायचं लाकडी कपाट त्यांनी लिलावात घेतलं होतं. सुताराकडून ते वाढवून घेतलं, बारा रांगा, प्रत्येकीत एकतीस खण. दारं नाहीत, सगळे खण समोरून उघडे. प्रत्येक खण एक तारीख, आत कागदाच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर वर्ष, घटना आणि आधार. तारीख लिहिलेली नसे. "खण हीच तारीख. दोनदा कशाला लिहायची?" तीनशे बहात्तरपैकी सहा खण कुठल्याच दिवसाचे नव्हते, तेही रिकामे नसत. तीस फेब्रुवारीत सुपारी, एकतीस एप्रिलमध्ये जुना चष्मा, एकतीस जूनमध्ये विजेची बिलं. "चष्मा कुठे गेला, अण्णा?" असं विचारलं की ते "एप्रिल संपल्यावर बघ," म्हणत.

आणि नियम असा की फळ्यावर लिहायचं ते खणातून. आठवणीतून एक अक्षर नाही. या नियमाचं कारण ते भेटेल त्याला सांगत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक तार आली होती, आई अत्यवस्थ, बुधवारपर्यंत पोचा. यंत्रातून आलेली कागदी पट्टी पुन्हा बघायचा कंटाळा केला आणि डोक्यात होतं ते त्यांनी टाइप केलं, शुक्रवार. तो माणूस गुरुवारी निघाला. "पोचला तेव्हा सगळं आवरून लोक घरी गेलेले. ते माझं काम. डोकं खोटं बोलतं तम्मा, आणि अगदी खऱ्यासारखं बोलतं." घर बघायला आलो त्या दिवशी, नळ कुठे आणि मीटर कुठे हे दाखवायच्या आधी त्यांनी मला हे सांगितलं होतं. दूधवाल्यालाही सांगितलं होतं. मला तेव्हा संकोच वाटला होता. स्वतःबद्दल एवढं कोण सांगतं?

तर ती दिवाळी. अण्णांचा मोतीबिंदू काढायचा होता. त्यांची मुलगी म्हैसूरला कॉलेजात शिकवते, त्यांना मी अक्का म्हणतो. त्या येऊन अण्णांना दोन दिवसांसाठी इस्पितळात घेऊन गेल्या. तेवढ्यात वरच्या खोल्यांना रंग लावून घ्यायचं ठरलं. मी घरूनच काम करत होतो, म्हणून देखरेख माझ्याकडे. निघताना अण्णा मला कपाटासमोर घेऊन गेले.

"हे उताणं न्यायचं. आजारी माणसाला नेतात तसं, पाठीवर. उभं नेलंस की सगळा इतिहास सांडला म्हणून समज."

"हो अण्णा."

"मजूर नेतील. पण तू जवळ उभा राहा."

"राहतो अण्णा."

मी जवळ नव्हतो. महादेवपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसचं एक काम त्या दुपारी ग्राहकाकडे चालू व्हायचं होतं, कानात हेडफोन, समोर लॅपटॉप. रंगाऱ्यांपैकी एकजण जिन्यावरून ओरडला, "साहब, लिटाके ले जाएँ क्या?" मी हेडफोन न काढता म्हणालो, "कैसे भी ले जाओ, जल्दी करो."

एखादं पाखरांचं झाड हलवावं तसा आवाज आला. वर गेलो तर जमीन दिसत नव्हती; अडीचेकशे चिठ्ठ्या सांडलेल्या, बाकीच्या खणांतच अडकून राहिलेल्या. दोघं मजूर कपाट धरून उभे, एकमेकांकडे बघत. मी त्यांना चहाला पाठवलं, खाली बसलो आणि फोनवर एकेक घटना शोधून चिठ्ठ्या लावायला लागलो. मोठ्या गोष्टी सापडत होत्या. युद्धं, करार, पहिलं विमान. शंभरेक लावल्या असतील. मग ऑफिसचा पुन्हा फोन आला, आणि मग पुन्हा. पुस्तकं रंगासाठी ताडपत्रीखाली बांधून ठेवलेली, ती कोण सोडणार? आणि कितीतरी चिठ्ठ्या अशा की फोनला त्यांचं काही ठाऊकच नव्हतं. "गल्लीत नळाचं पाणी आलं." "ऑफिसात पहिली बाई ऑपरेटर रुजू झाली." या चिठ्ठ्यांवर आधाराच्या जागी एवढंच लिहिलेलं, "स्वतः हजर."

एका चिठ्ठीवर होतं, "ती गेली. स्वतः हजर." बाकी फक्त वर्ष.

संध्याकाळ व्हायच्या आत मी उरलेल्या दीडेकशे चिठ्ठ्या जिथे जागा दिसेल तिथे सारल्या. नंतर नीट करू, असं मी स्वतःला सांगितलं. ती चिठ्ठीही त्यातच सारली. कुठल्या खणात, ते मला कळलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी अण्णा आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. जिना चढून आधी कपाटाकडे गेले, तळहात त्याच्या कडेवर ठेवला.

"उताणंच नेलं ना?"

"हो अण्णा."

"सरी, ठीक आहे."

एवढंच. तेव्हा बोललो असतो तर दोन शिव्या, आठवडाभर अबोला आणि मग दोघांनी मिळून चिठ्ठ्या लावणं, इतकंच झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

नोव्हेंबर संपत आला होता. एका सकाळी फळ्यावर आलं, याच दिवशी १९०५ साली या शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. मास्तरांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. "तप्पु! चूक, अण्णा! पाच ऑगस्ट! या गावात जन्मलेल्या पोरालासुद्धा माहीत आहे!" अण्णा खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिले. संध्याकाळी मास्तर खरंच मैसूरपाकाचा डबा घेऊन फाटकात उभे. आमच्या मुलानं दोन खाल्ले. मला एक गिळवला नाही.

आठवड्यानं दुसरी चूक. मग तिसरी, तीही त्यांच्याच धंद्यातली. देशातली तार बंद झाली जुलैमध्ये, आणि फळ्यानं ती डिसेंबरात बंद केली. त्या दिवशी मास्तर फळा वाचून काही न बोलता परत गेले. दुसऱ्या दिवसापासून ते रस्ता ओलांडून यायचेच बंद झाले. पंधरा वर्षं चूक शोधणारा माणूस चुकांना भिऊन घरात बसला.

तिसऱ्या चुकीच्या दुपारी अण्णा आमच्याकडे खाली आले. हातात ती चिठ्ठी. "ती गेली." खुर्चीवर बसले नाहीत.

"तम्मा, खरं सांग. मी नसताना कपाट सांडलं का?"

बायको आत कुकर लावत होती. शिट्टी झाली. मी ती संपेपर्यंत थांबलो.

"नाही अण्णा. एक चिठ्ठीसुद्धा नाही."

"हिचा खण फेब्रुवारीत आहे. ही मला सप्टेंबरात सापडली. घरात श्राद्ध तिथीला होतं, त्यामुळे तारीख मुलीलासुद्धा पाठ नाही. ती फक्त मी ठेवतो. त्या दिवशी मी जेवत नाही." मग अगदी हळू, स्वतःशीच, "कपाटाला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. सांडलं नाही. म्हणजे मीच ठेवली. आणि ठेवल्याचं आठवत नाही."

मी म्हणालो, "होतं असं अण्णा, वयानुसार."

डॉक्टरनं निदान सांगितल्यावर माणूस मान हलवतो तशी त्यांनी मान हलवली, आणि वर गेले. मी आयुष्यात खोटं इतर वेळीही बोललो असेन. पण धीर देण्याच्या सुरात बोललेलं हे एकच.

त्यानंतर जे केलं ते चांगुलपणानं केलं असं मला वाटत होतं. अण्णा दर गुरुवारी सकाळी तासभर मठात जात. त्यांची किल्ली सिलिंडरवाल्यासाठी आमच्याकडे असे. ते वळणावरून दिसेनासे झाले की मी वर जायचो, त्यांची पुस्तकं काढायचो आणि आधार बघून चिठ्ठ्या आपापल्या खणात परत ठेवायचो. दर मिनिटाला खिडकीतून खाली बघायचं, फाटकाची कडी वाजते का ते ऐकायचं. एकदा ते छत्री विसरली म्हणून अर्ध्यातून परत आले. मी मागच्या जिन्यानं चपला हातात घेऊन उतरलो. तीन गुरुवारांत साठेक चिठ्ठ्या जागेवर गेल्या. आणखी चार-पाच गुरुवार, मग सगळं नीट होईल, कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब.

अण्णांचं मला ठाऊक नव्हतं. त्यांनी एक वही सुरू केली होती. स्वतःवर पाळत ठेवायला. रोज संध्याकाळी एकेक रांग तपासून कुठल्या खणात काय आहे ते ते लिहून ठेवत होते.

तिसऱ्या गुरुवारनंतर ते वही घेऊन आले. या वेळी बसले. वहीवर दोन्ही हात ठेवले होते.

"बुधवारी ही मार्चात होती. बघ, लिहिलंय. शुक्रवारी जूनमध्ये. ही ऑक्टोबरात होती, ती मेमध्ये गेली. अशा एकवीस. मी दार आतून लावून झोपतो, तम्मा. घरात मी एकटा."

"अण्णा..."

"आणि जिथे गेल्या तिथे बरोबर गेल्या. म्हणजे मीच. दुसऱ्या कुणाला बरोबर जागा कशी कळेल? माझे हात काहीतरी करतात आणि मला सांगत नाहीत."

शब्द माझ्या तोंडात आले होते. पण आता सांगायचं म्हणजे सांडलं एवढंच सांगून भागणार नव्हतं. खोटं बोललो तेही सांगावं लागणार होतं, आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या घरात शिरलो तेही. माझी बायको दारात उभी होती. मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. अण्णा म्हणाले, "मुलीला फोन लाव. माझ्याच्यानं होणार नाही."

फोन मी लावला.

अक्का आल्या, अण्णांना घेऊन डॉक्टरकडे गेल्या. मीही गेलो, गाडी माझीच होती. डॉक्टरनं विचारलं, "आज तारीख काय?" एरवी अण्णांनी इंग्रजी तारीख, तिथी, शक आणि वर लंडनला आत्ता काय वाजलंय तेही ऐकवलं असतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अय्यो, खण बघून सांगावं लागेल." त्यांचा तो विनोद होता की भीती, मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

परत आल्यावर अक्का आमच्या हॉलमध्ये बसल्या. "तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा, कधीपासून चाललंय हे?"

"दिवाळीपासून," मी म्हणालो.

तारीख बरोबर होती.

संक्रांतीनंतर अक्का त्यांना म्हैसूरला घेऊन गेल्या. फळा पुसून कोरा होता. मास्तर फाटकाशी आले, बराच वेळ अण्णांचा हात धरून उभे राहिले, म्हणाले, "मैसूरपाकाचं मनावर घेऊ नका." अण्णा म्हणाले, "बिडु, मास्तर, सोडा ते. तुम्ही जिंकलात." मास्तर वळले आणि काठी न टेकता, भरभर घरात गेले.

कपाट त्यांनी मला दिलं. "मुलीच्या फ्लॅटात मावणार नाही. तू ठेव, तम्मा. माझ्या हातांचा भरवसा राहिला नाही. तुझ्या हातून एक चिठ्ठी सांडली नाही."

याला चार वर्षं झाली. आम्ही आता सर्जापूर रोडला राहतो, सोळाव्या मजल्यावर. इथे कपाट मी स्वतः उभं राहून, चार माणसं लावून, उताणं आणलं. पुस्तकं घेऊन सगळ्या चिठ्ठ्या लावल्या. "स्वतः हजर" असलेल्या तेवढ्या लागल्या नाहीत. त्यांच्या तारखा ज्या माणसाला ठाऊक होत्या त्याला आपल्याला काही ठाऊक आहे यावरच आता विश्वास नाही. त्यांच्या पत्नीची चिठ्ठी त्यांच्याबरोबर म्हैसूरला गेली. फेब्रुवारीत कुठल्या दिवशी ते जेवत नाहीत, की आता रोजच जेवतात, मला माहीत नाही.

अक्का वाईट वागत नाहीत. त्या कॉलेजला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावतात, गॅसची कळ बंद करून जातात. मुलगी म्हणून कुणीही हेच करेल. सकाळ-संध्याकाळ स्मरणशक्तीची गोळी असते. ती ज्या आजारावर दिली आहे तो त्या दिवसांत त्यांना नव्हता. आता आहे की नाही, कुणी बघितलेलं नाही, कारण सगळ्यांनी ते गृहीतच धरलं आहे.

महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. मागच्या रविवारीही आला.

"तम्मा, आज काय?"

मी खणातून चिठ्ठी काढली, वाचली.

"मला वाटलं होतं ही उद्याची," ते म्हणाले.

मी पुन्हा बघितलं. शेजारच्या खणातली मी ओढली होती. ती उद्याचीच होती.

"तू सांगतोस म्हणजे आजचीच असेल," मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, आणि फोन ठेवला. मी परत लावला नाही.

म्हैसूर इथून गाडीनं चार तासांवर आहे. मला तिथे जाऊन, अक्कांच्या देखत, त्यांना सांगायचं आहे की चिठ्ठ्या माझ्या निष्काळजीपणानं सांडल्या, विचारलंत तेव्हा मी दोनदा खोटं बोललो, आणि त्या तीन गुरुवारी तुमच्या घरात शिरणारा मीच होतो. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.